बारावीबरोबरच असोसिएट डिग्री: ओहायोत नववीपासून आखणी कशी करायची?

ओहायोवासी_पालक

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, कोलंबसच्या उपनगरातली पब्लिक स्कूल. शाळेकडून कॉलेज क्रेडिट प्लसचं (पुढे नुसतं सीसीपी) पत्रक आलंय. त्यात सातवी ते बारावीच्या मुलांना फुकट कॉलेज क्रेडिट घेता येतं असं आहे, आणि बारावी संपताना 60 क्रेडिटची असोसिएट डिग्रीही (दोन वर्षांची कॉलेज पदवी) होऊ शकते म्हणे. काउन्सेलरला विचारलं तर "इट डिपेन्ड्स" एवढंच उत्तर मिळतं.

विचारायचं हे की 60 क्रेडिट चार वर्षांत नेमकी कशी बसवायची? एपी (हायस्कूलमधले कॉलेज पातळीचे कोर्स आणि त्यांच्या परीक्षा) घ्यावं, सीसीपी घ्यावं की क्लेपच्या (नुसती परीक्षा देऊन कॉलेज क्रेडिट) परीक्षा द्याव्यात? ओळखीतले एक जण म्हणतात, असोसिएटवर कशाला थांबता, परीक्षा देत देत अठराव्या वर्षी बॅचलर्सच हातात घ्या. यात कितपत दम आहे? मुलीचा कल सध्या इंजिनिअरिंगकडे आहे, पण मेडिसिनचंही नाव अधूनमधून निघतं. आम्ही एच-4 वर (एच-1बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत, त्याचा काही फरक पडतो का?

बकायमराठी

आधी तारीख लिहून ठेवा: 1 एप्रिल. पुढच्या शैक्षणिक वर्षात सीसीपी घ्यायचा विचार आहे असं पत्र त्या तारखेपर्यंत शाळेकडे पोचलं पाहिजे. पत्र दिलं म्हणून कोर्स घ्यायलाच हवा असं बंधन नसतं, त्यामुळे शंका असली तरी देऊन टाका. तारीख चुकली की मामला प्रिन्सिपलच्या मर्जीवर जातो.

पात्रता: अनवेटेड जीपीए 3.0 असेल तर काम झालं. 2.75 ते 3.0 च्या मध्ये असेल तर त्या विषयाच्या हायस्कूल कोर्समध्ये ए किंवा बी लागतो. नाहीतर ॲक्युप्लेसर, एसीटी किंवा एसएटीमध्ये रेमेडिएशन-फ्री स्कोअर, म्हणजे कॉलेजात पूर्वतयारीचा कोर्स लागणार नाही इतका. हे झालं सीसीपीचं. कॉलेजचा प्रवेश अर्ज वेगळा भरायचा असतो आणि गणिताच्या कोर्ससाठी कॉलेज स्वतःची प्लेसमेंट टेस्ट लावतं. नववीतल्या मुलाचा जीपीए छान असूनही तिथं अडकायला होतं, कारण ॲक्युप्लेसरच्या गणितात अल्जेब्रा 2 चा भाग येतो आणि तो तोवर शिकवलेलाच नसतो.

पालक आणि मूल दोघांनी सही करायचा एक फॉर्मही असतो, कोर्समध्ये प्रौढ विषय असू शकतात हे मान्य असल्याचा. तो राहिला की रजिस्ट्रेशन पुढे सरकत नाही.

आता हिशोब. वर्षाला जास्तीत जास्त 30 क्रेडिट, पण ती सरसकट मिळत नाहीत. त्या वर्षी मूल हायस्कूलमध्ये जेवढी युनिटं (1 युनिट म्हणजे वर्षभराचा एक विषय) घेतंय त्याला 3 ने गुणायचं आणि 30 मधून वजा करायचं. हायस्कूलची 4 युनिटं असतील तर 30 वजा 12, म्हणजे 18 कॉलेज क्रेडिट. बँड, जिम, हेल्थ हे सगळं युनिटांत मोजलं जातं. वर्ष समर, फॉल, स्प्रिंग असं धरतात, त्यामुळे अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यातला कोर्स अकरावीच्याच कोट्यातून जातो. समर "जास्तीचं" म्हणून धरून आखणी केली की स्प्रिंगमध्ये कोटा संपतो आणि हवा तो कोर्स हातचा जातो. मर्यादेपलीकडे घेतलेल्या क्रेडिटचं बिल घरी येऊ शकतं.

दुसरी बाजूही बघा: 3 किंवा अधिक क्रेडिटचा एक कॉलेज कोर्स म्हणजे हायस्कूलचं पूर्ण 1 युनिट. एका सेमिस्टरच्या इंग्लिश कॉम्पोझिशनने अकरावीचं वर्षभराचं इंग्लिश भागतं. डिग्री शक्य होते ती या एका नियमामुळे. हायस्कूलचं सगळं करून वर कॉलेज करायचं म्हटलं तर कुणालाच जमणार नाही.

ढोबळ आराखडा असा बसतो:

नववीत 6 क्रेडिट, तीही स्प्रिंगमध्ये किंवा शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या सेक्शनमध्ये. दहावीत 12, उन्हाळ्यातला एखादा कोर्स धरून. अकरावी आणि बारावीत प्रत्येकी 18, हायस्कूलची 4 युनिटं ठेवून. झाली 54. उरलेली 6 एपी किंवा क्लेपमधून. हायस्कूलची युनिटं 3 वर आणली तर कोटा 21 होतो आणि परीक्षांची गरजही उरत नाही.

पहिली 15 क्रेडिट "लेव्हल 1" यादीतलीच घ्यावी लागतात. यादी मोठी आहे, इंग्लिश कॉम्प, सायकॉलॉजी, कॉलेज अल्जेब्रा वगैरे नेहमीचे कोर्स त्यात येतात. पण सुरुवातीलाच एखादा हौसेचा, यादीबाहेरचा कोर्स घ्यायला गेलात तर नाही मिळणार.

राज्याच्या एन्ड-ऑफ-कोर्स परीक्षांपैकी बायॉलॉजी, अमेरिकन हिस्टरी आणि अमेरिकन गव्हर्नमेंट यांच्या जागी कॉलेजचा ग्रेड चालतो. अल्जेब्रा 1 आणि इंग्लिश 2 च्या परीक्षा मात्र द्याव्याच लागतात.

पब्लिक स्कूलचं मूल पब्लिक कॉलेजात गेलं तर ट्यूशन, फी, पुस्तकं यांतलं काही भरावं लागत नाही. पुस्तकं डिस्ट्रिक्टची, सेमिस्टर संपलं की परत. जाण्यायेण्याची सोय आपली आपण. एफ आला तर मात्र डिस्ट्रिक्ट त्या कोर्सचे पैसे पालकांकडून वसूल करू शकतो.

मुलगी खेळत असेल तर आणखी एक. राज्याच्या ॲथलेटिक असोसिएशनच्या नियमानुसार आधीच्या ग्रेडिंग पिरियडमध्ये पाच युनिटांइतके कोर्स पास झालेले लागतात. कॅम्पसवर दोन आणि शाळेत दोनच कोर्स ठेवले की अचानक सीझनबाहेर बसायची वेळ येते. वेळापत्रक पक्कं करण्याआधी शाळेच्या ॲथलेटिक डिरेक्टरला दाखवा.

तळटीप

वरचा हिशोब बरोबर आहे, पण तो दुसऱ्या पायरीचा. पहिली पायरी: ही 60 क्रेडिट पुढे कुठे मोजली जाणार? आधी संभाव्य विद्यापीठं लिहा, मग उलटं मागे या. डिग्रीचा कागद मिळाला आणि पुढच्या विद्यापीठाने त्यातली 25 क्रेडिटच मेजरला (मुख्य विषयाला) धरली तर चार वर्षांच्या मेहनतीतून पुरतं एक वर्षही वाचत नाही.

असोसिएट डिग्रीही एकाच जातीची नसते. एए (आर्ट्स) आणि एएस (सायन्स) पुढे ट्रान्सफर व्हावी म्हणून बांधलेल्या असतात. एएएस, म्हणजे अप्लाइड सायन्स, नोकरीसाठी असते आणि तिच्यातले बरेच कोर्स बॅचलर्समध्ये जागा मिळवत नाहीत. हायस्कूलच्या करिअर-टेक विभागातून मिळणारी डिग्री बहुतेकदा ही तिसरी असते. पत्रकावर नुसतं "असोसिएट डिग्री" लिहिलेलं असतं, म्हणून विचारून घ्या.

ओहायोतल्या पब्लिक विद्यापीठांत जायचं असेल तर तुम्ही सुखी. "ओहायो ट्रान्सफर 36" नावाची 36 क्रेडिटची चौकट आहे: इंग्लिश, गणित, आर्ट्स-ह्युमॅनिटीज, सोशल सायन्स, नॅचरल सायन्स. त्या यादीतला कोर्स पास झाला की राज्यातल्या कुठल्याही पब्लिक कॉलेज-विद्यापीठात तो मोजावाच लागतो. मेजरच्या सुरुवातीच्या कोर्ससाठी टॅग नावाची अशीच हमी आहे. कोर्स निवडताना कॅटलॉगमध्ये त्याच्यापुढे ओटी 36 किंवा टॅगची खूण आहे का तेवढं बघा. एपीमध्ये 3 किंवा वर असेल तरी ओहायोच्या पब्लिक संस्थांना क्रेडिट द्यावंच लागतं.

राज्याबाहेर पडलात की खेळ बदलतो. बरीच खासगी विद्यापीठं हायस्कूल डिप्लोमासाठी वापरलेलं कॉलेज क्रेडिट दुसऱ्यांदा मोजत नाहीत, आणि सीसीपीचं जवळजवळ सगळं तसंच असतं. डार्टमथने 2018 च्या बॅचपासून एपीला क्रेडिट देणं थांबवलं, कॅलटेकही देत नाही. अशा ठिकाणी हे कोर्स प्रवेशअर्जात वजन देतात, पण वर्षं वाचवत नाहीत. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर अवघड विषयांत एपी ठेवा आणि जनरल एज्युकेशन सीसीपीतून उरका. असं केलं तर एएच्या शेवटच्या काही क्रेडिटांवर पाणी सोडावं लागेल कदाचित. चालतं. 50 नीट पोचणारी क्रेडिट 60 अडकलेल्यांपेक्षा बरी.

तपासायला ट्रान्सफरॉलॉजी ही फुकट साइट आहे. कोर्स नंबर टाका, कुठलं विद्यापीठ तो कशाच्या बदल्यात धरतं ते दिसतं. तिथं "इलेक्टिव्ह" किंवा "जनरल" अशा नावाने उत्तर आलं तर क्रेडिट मिळेल, पण कुठलीही अट त्यातून पुरी होणार नाही. हाच फरक लोक वाचत नाहीत.

आता क्लेप. कॉलेज बोर्डाच्याच परीक्षा, 34 विषय, बहुतेक दीड तासाच्या, गुण 20 ते 80. 50 ला क्रेडिट द्यावं अशी एसीईची (अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन) शिफारस असते, पण अंतिम शब्द कॉलेजचा. फी शंभर डॉलरच्या आत, वर सेंटरची वेगळी फी. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की परीक्षा फीचं व्हाउचर मिळतं, त्यामुळे ही फी खिशातून भरण्यात अर्थ नाही. नापास झालात तर तीन महिने थांबून परत. जीपीएला धक्का लागत नाही, हा मोठा फायदा.

क्लेप कुठे तोकडी पडते: लॅब नसते, त्यामुळे लॅब सायन्सची अट पुरी होत नाही. आयव्ही लीगमधली बहुतेक विद्यापीठं आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तिला क्रेडिट देत नाहीत. आणि एकच विषय दोनदा मोजला जात नाही. एपी यूएस हिस्टरी झाली असेल तर क्लेपच्या हिस्टरी 1 आणि 2 देऊन काही हाती लागत नाही, तसंच कॉलेजात इंग्लिश कॉम्प केल्यावर क्लेपची कॉलेज कॉम्पोझिशन फुकट जाते. माझ्या मते क्लेपचा खरा उपयोग शेवटी 3-6 क्रेडिट कमी पडतात तिथे: सोशिऑलॉजी, मॅक्रोइकॉनॉमिक्स, ह्युमॅनिटीज असे सुटे विषय.

एपीचं वेळापत्रक लक्षात ठेवा. परीक्षा मे महिन्यात, पण नोंदणी आधीच्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. निकाल जुलैत. दर वर्षी एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतो, तो पर्याय 20 जूनपर्यंत निवडायचा. कम्युनिटी कॉलेजकडे स्कोअर अधिकृतरीत्या गेला नाही तर ते क्रेडिट डिग्री ऑडिटमध्ये (डिग्रीच्या कुठल्या अटी पुऱ्या झाल्या त्याचा तक्ता) दिसतच नाही. बारावीच्या मे महिन्यात दिलेल्या एपीचा निकाल डिग्रीच्या तारखेनंतर येतो, म्हणून ती क्रेडिट 60 मध्ये धरू नका.

आणि एक किमान अटही असते: असोसिएटसाठी साधारण 15 ते 20 क्रेडिट त्याच कॉलेजात केलेली लागतात. कॉलेजं बदलत बदलत, थोडं इकडचं थोडं तिकडचं असं जमवलं तर 60 भरूनही डिग्री कुणीच देत नाही.

निळीशाई

बॅचलर्सच्या सल्ल्याबद्दल. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे. न्यू जर्सीतली थॉमस एडिसन स्टेट, न्यूयॉर्कमधली एक्सेलसिअर आणि कनेटिकटमधली चार्टर ओक ही तीन विद्यापीठं बाहेरचं क्रेडिट खूप मोठ्या प्रमाणात घेतात आणि त्यांची अधिस्वीकृती खरी आहे. ती मुळात नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी उभी राहिली. ज्याला पगारवाढीसाठी डिग्रीचा शिक्का हवाय त्याला ती उत्तम.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मात्र हा सौदा महाग पडतो. बहुतेक विद्यापीठं हायस्कूल संपण्याआधी घेतलेली कितीही कॉलेज क्रेडिट असली तरी मुलाला फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) अर्जदारच धरतात. असोसिएट डिग्री असली तरी. बॅचलर्स झाली की ते दार बंद. फ्रेशमन स्कॉलरशिप गेल्या. ज्यांना पेल ग्रांट (गरजू विद्यार्थ्यांचं फेडरल अनुदान) मिळू शकते त्यांची तीही गेली, कारण पहिली बॅचलर्स झाल्यावर पेल मिळत नाही. दुसरी बॅचलर्स करू म्हटलं तर अनेक पब्लिक विद्यापीठं घेत नाहीत. राहिलं मास्टर्स. तिथं वरच्या पातळीचे कोर्स, लॅब किंवा प्रोजेक्ट आणि ओळखणाऱ्या प्रोफेसरांची पत्रं मागतात. परीक्षा देऊन जमवलेल्या क्रेडिटमागे पत्र लिहिणारा माणूसच नसतो. इंजिनिअरिंगचं तर बोलायलाच नको, त्या वाटेने एबेट (इंजिनिअरिंग अभ्यासक्रम तपासणारी संस्था) मान्यतेची इंजिनिअरिंग डिग्री जमवता येत नाही.

असोसिएट ही म्हणूनच सोयीची रेघ आहे. तिथवर गेलात तर काही गमावत नाही.

एक कमी बोलली जाणारी गोष्ट: सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस. पुढे फेडरल मदत घेताना विद्यापीठ बघतं की घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केली, बहुतेक ठिकाणी निकष 67 टक्क्यांचा असतो, आणि डिग्रीला लागणाऱ्या क्रेडिटच्या 150 टक्क्यांपलीकडे मदत थांबते. 120 क्रेडिटच्या डिग्रीला 180. ट्रान्सफर झालेली सगळी क्रेडिट बऱ्याच ठिकाणी त्यात धरली जातात, मेजरला उपयोगी असोत वा नसोत. शिवाय त्याच कॉलेजात पुढे शिकायचं ठरलं तर दहावीतले एफ आणि डब्ल्यूही (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) तिथं उभे राहतात.

ओहायोवासी_पालक

सगळ्यांचे आभार, बॅचलर्सचा विषय घरात संपला. पुढचा प्रश्न: गणित. आठवीत अल्जेब्रा 1 चालू आहे. कॅल्क्युलस एपी बीसीने करावं की कॉलेजात? आणि मेडिसिनचं ठरलं तर हे सगळं उलटं अंगावर येईल का?

वर्गमूळ

आठवीत अल्जेब्रा 1 म्हणजे नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा 2, अकरावीत प्रीकॅल्क, बारावीत कॅल्क्युलस. सीसीपीने एक सेमिस्टर म्हणजे एक हायस्कूल युनिट होत असल्यामुळे ही साखळी आवळता येते. अकरावीच्या फॉलला कॉलेज अल्जेब्रा, स्प्रिंगला ट्रिग किंवा प्रीकॅल्क, बारावीच्या फॉलला कॅल्क 1, स्प्रिंगला कॅल्क 2. प्लेसमेंट टेस्टने कॉलेज अल्जेब्रा टळली तर आणखी एक सेमिस्टर पुढे.

पण आवळायची का, हा प्रश्न आहे. एपी कॅल्क्युलस बीसीत वर्षभरात जे शिकवतात ते कॉलेजात दोन सेमिस्टरमध्ये येतं, म्हणजे वेग फारसा वेगळा नाही. फरक चुकीच्या किमतीत आहे. बीसीत 2 आला तर तो स्कोअर कुणाला पाठवायचाच नाही, संपलं. कॉलेजच्या कॅल्क 1 मध्ये सी आला तर तो कायम ट्रान्सक्रिप्टवर, आणि चार-पाच क्रेडिटचा कोर्स असल्यामुळे जीपीएला चांगलाच ओढतो. इंजिनिअरिंगच्या मेजरमध्ये शिरताना गणित-फिजिक्सचे ग्रेड वेगळे काढून बघतात, हेही आलंच. पाया डळमळीत वाटत असेल तर बीसी. पाया पक्का असेल तर कॉलेज, कारण मग बारावीत कॅल्क 3 किंवा लिनिअर अल्जेब्रापर्यंत पोचता येतं.

इंजिनिअरिंगसाठी एक सापळा फिजिक्सचा. एपी फिजिक्स 1 आणि 2 अल्जेब्रावर आधारलेले, इंजिनिअरिंगला चालतात ते फिजिक्स सी किंवा कॉलेजचे कॅल्क्युलस-बेस्ड कोर्स. कम्युनिटी कॉलेजच्या कॅटलॉगमध्येही दोन समांतर मालिका असतात आणि नावं जवळजवळ सारखी. प्रीरिक्विझिटमध्ये कॅल्क 1 लिहिलंय का बघा. नसेल तर तो चुकीचा कोर्स.

त्याहून मोठी गोष्ट. इंजिनिअरिंगची चार वर्षं क्रेडिटच्या संख्येने आखलेली नसतात, ती साखळीने आखलेली असतात. कॅल्क 1, 2, 3, डिफरन्शिअल इक्वेशन्स. फिजिक्स 1, मग स्टॅटिक्स, मग पुढचं. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, हिस्टरीची 30 क्रेडिट आणून साखळीची पहिली कडी तशीच ठेवली, तर डिग्रीला चार वर्षंच लागतात, फक्त सेमिस्टर हलके होतात. ते हलकं सेमिस्टर वाईट नाही, को-ऑप किंवा मायनरला जागा होते. पण "दोन वर्षांत इंजिनिअर" ही अपेक्षा ठेवू नका. तीन ते साडेतीन वर्षं हे वास्तव, तेही गणित-फिजिक्स-केमिस्ट्री आधी झालं असेल तर.

निळीशाई

मेडिसिनबद्दल थोडक्यात. एमकॅस, म्हणजे एमडी प्रवेशाचा सामाईक अर्ज, त्यात हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेज कोर्सही भरावे लागतात. प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागवतात आणि ते ग्रेड जीपीएत धरतात. पंधराव्या वर्षी घेतलेल्या बायॉलॉजीचा सी बावीस-तेविसाव्या वर्षी समोर येतो तो असा. लॉ स्कूलच्या अर्जाचंही तेच.

त्यात अनेक मेडिकल स्कूल प्रीरिक्विझिट सायन्स एपीवर भागवू देत नाहीत, किंवा त्या विषयाचा वरचा कोर्स विद्यापीठात करा असं सांगतात. म्हणून मेडिसिनची शक्यता असेल तर सीसीपीत इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी घ्या. शेवटचे दोन तर एमकॅटच्या (मेडिकल प्रवेशपरीक्षा) अभ्यासक्रमातच आहेत. जनरल केमिस्ट्री, बायॉलॉजी मात्र एपी म्हणून करा आणि कॉलेजात पुन्हा घ्यायची तयारी ठेवा.

पहिलाबाक

आखणीत तास कुणी मोजले नाहीत. एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास, असं पंधरा आठवडे, अशी फेडरल व्याख्या आहे. 3 क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला 9 तास झाले. बारावीत फॉलला 9 क्रेडिट म्हणजे 27 तास, वर हायस्कूलचे चार विषय. ऑनलाइन कोर्समध्ये आठ आठवड्यांचे सेक्शन असतात. तिथं तोच कोर्स आठवड्याला 17-18 तास मागतो. नावनोंदणीच्या पानावर सुरुवात आणि शेवटाची तारीख बारीक अक्षरात असते, "सोपा ऑनलाइन" म्हणून घेतलेला कोर्स हा निघतो आणि तिसऱ्या आठवड्यात मिडटर्म येते. नववी-दहावीत आठ आठवड्यांचा कोर्स नकोच.

पालकांना सर्वांत जड जाणारी गोष्ट फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा फेडरल कायदा. मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या रेकॉर्डवरचे हक्क त्याचे स्वतःचे होतात, वय चौदा असलं तरी. ग्रेड काय, हजेरी किती, प्रोफेसर पालकांना सांगणार नाहीत. हायस्कूलच्या पोर्टलवर दर आठवड्याला डोकावायची सवय इथं चालत नाही. मुलाने रजिस्ट्रारकडे संमतीचा फॉर्म भरला तर माहिती मिळू शकते. तरी मेल मुलानेच लिहायची, तीही कॉलेजच्या ईमेलवरून. विषयात कोर्स नंबर आणि सेक्शन, मग दोन वाक्यांत प्रश्न. आईवडिलांनी मुलाच्या नावाने लिहिलेली मेल प्रोफेसरला पहिल्या ओळीतच कळते.

कॉलेजचं ईमेल रोज उघडणं ही सवय वर्ग सुरू व्हायच्या आधीच लावा. वर्गाची खोली बदलली, फॉर्म अपुरा आहे, नाव काढलं जाणार आहे, सगळं तिथंच येतं.

कोर्स सोडण्याच्या तारखा तीन. ॲड-ड्रॉप पहिल्या आठवड्यातच संपतं. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. त्यानंतर ठरावीक तारखेपर्यंत डब्ल्यू. ती तारीखही गेली की येईल तो ग्रेड. सोडण्याआधी हायस्कूल काउन्सेलरला सांगायलाच हवं, कारण तो कोर्स हायस्कूलच्या युनिटाच्या जागी बसलेला असतो. बारावीच्या स्प्रिंगमध्ये इंग्लिश सोडलं आणि त्यामुळे हायस्कूल डिप्लोमाच अडला, असं होऊ शकतं. पहिल्या दोन आठवड्यांत सिलॅबस, पहिला क्विझ आणि वाचनाचा ढीग बघून निर्णय घ्या.

मुलाला शाळेत आयईपी (विशेष गरजांसाठीची शिक्षण योजना) असेल तर तो कॉलेजात आपोआप लागू होत नाही. परीक्षेत जास्त वेळ वगैरे हवा असेल तर कॉलेजच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसेसकडे मुलाने स्वतः नोंदणी करायची, कागदपत्रांसह, सेमिस्टर सुरू होण्याआधी. मागून मिळालेली सवलत झालेल्या परीक्षेला लागत नाही.

बकायमराठी

एच-4 राहिलंच होतं. शिकायला बंदी नाही, कॉलेज क्रेडिटही घेता येतं. अडचणी दुसरीकडे: पगारी इंटर्नशिप करता येत नाही, फेडरल मदत मिळत नाही (म्हणजे वरची पेलची चर्चा तुम्हाला सध्या लागू नाही), आणि 21 वर्षं पूर्ण झाली की एच-4 संपून एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) सारखा स्वतःचा स्टेटस घ्यावा लागतो. अठराव्या वर्षी कॉलेज सुरू केलं तर हे डिग्रीच्या मधोमध येतं. बॅचलर्स तीन वर्षांत उरकण्याचं गणित तुमच्या घरात म्हणूनच इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरेल. तारखा कागदावर मांडा आणि इमिग्रेशन वकिलाला अकरावीतच विचारा.

शेवटी डिग्रीचा अर्ज. 60 क्रेडिट झाली म्हणून डिग्री घरी येत नाही. ॲप्लाय टू ग्रॅज्युएट नावाचा वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संपते. सीसीपीची बरीच मुलं कॉलेजात "डिग्री न मागणारी" म्हणून नोंदलेली असतात. ती नोंद बदलून प्रोग्राम निवडल्याशिवाय तो अर्जही घेत नाहीत. हे दहावीच्या शेवटी करून टाका, कारण प्रोग्राम निवडला की डिग्री ऑडिट उघडतं आणि कुठल्या रकान्यात काय कमी आहे ते दिसायला लागतं. दर सेमिस्टरला त्याची पीडीएफ काढून ठेवा. अकरावीच्या स्प्रिंगमध्ये ती घेऊन कॉलेजच्या ॲडव्हायझरकडे जायचं, आणि हायस्कूल काउन्सेलरकडे वेगळं जायचं. दोघांना एकमेकांच्या अटी माहीत नसतात. आर्ट्सचा एक कोर्स किंवा लॅबचं एक क्रेडिट राहिलंय हे तेव्हा कळलं तर बारावीत बसवता येतं. बारावीच्या मार्चमध्ये कळलं तर समर टर्म उरते, आणि तोवर हायस्कूल संपलेलं असल्यामुळे तिचे पैसे खिशातून.